व्यापद् आणि सिद्धी : महारोहिणीविस्फाराच्या अंतर्वाहिनी दुरुस्तीतील गुंतागुंतींची परिभाषा

वैद्यकातील ‘कॉम्प्लिकेशन’ या संज्ञेसाठी मराठीत सर्वसाधारणपणे ‘गुंतागुंत’ हा शब्द योजला जातो. आयुर्वेदाच्या वळणाचे लेखन करणारे ‘उपद्रव’ हा शब्द पसंत करतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘एकत्र दुमडणे’ असा असल्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘गुंतागुंत’ हा पर्याय अधिक जवळचा आहे. तथापि दोन्ही शब्दांनी एक प्रश्न अनुत्तरितच राहतो : गुंतागुंत कोणाची? रोगाची, उपचाराची, की उपकरणाची? हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. शल्यचिकित्सकाने तातडीने हस्तक्षेप करावयाचा की वाट पाहावयाची, रुग्णाला काय सांगावयाचे आणि दोष कोणाच्या नावे नोंदवावयाचा, हे सर्व त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. उदरातील महारोहिणीच्या विस्फारावर रक्तवाहिनीच्या आतून केली जाणारी दुरुस्ती, म्हणजे जिला जगभर ‘ईव्हार’ या आद्याक्षरांनी ओळखतात ती शस्त्रक्रिया, या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण तिच्या गुंतागुंतींचे व्यवस्थापन हे बऱ्याच अंशी त्यांच्या वर्गीकरणावर आणि नामकरणावर उभे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. हिंदी आणि इतर भारतीय भाषांत ‘धमनी’ रूढ असता मराठी पाठ्यपुस्तकांनी व विश्वकोशाने ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ ही जोडी चालविली. या जोडीचे मूळ सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. तेथे सिरांचे चार वर्ण सांगितले आहेत : वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. मराठी परिभाषाकारांनी या चारांतील दोन उचलल्या आणि त्यांना युरोपीय शरीरशास्त्रातील दोन प्रकारच्या वाहिन्यांवर बसविले. मूळ चौकट सोडून तिच्यातील शब्द तेवढे घेण्याची ही रीत आपल्या परिभाषेच्या इतिहासात वारंवार दिसते. ती गैर नाही. पण उचललेला शब्द आपल्याबरोबर काय आणत नाही, याचे भान ठेवावे लागते.

उदरातील महारोहिणीचा व्यास सामान्यतः सुमारे २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे विस्फार झाला असे मानतात. हा विकार प्रायः पासष्टीच्या पुढील पुरुषांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो आणि बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढत राहतो. पुरुषांत व्यास ५.५ सेंटिमीटर झाला की दुरुस्तीचा विचार करतात. स्त्रियांत ही मर्यादा काहीशी कमी धरली जाते. विस्फार फुटल्यास बहुतांश रुग्ण दगावतात. म्हणजे येथे उपचार होतो तो आज होत असलेल्या त्रासावर नव्हे, उद्याच्या संभाव्य आपत्तीवर. ठणठणीत वाटणाऱ्या माणसावर शस्त्रक्रिया करावयाची असल्यामुळे तिच्यातून उद्भवणाऱ्या प्रत्येक व्याधीचे नैतिक वजन वाढते.

पॅरिस येथे १९५१ मध्ये शार्ल द्युबॉस्त यांनी उदर उघडून विस्फारित भाग काढला व त्या जागी मृत व्यक्तीची रोहिणी जोडली. पुढे कृत्रिम कापडाच्या नळ्या आल्या. उघड्या शस्त्रक्रियेचे कथानक सरळ असते : धोका मोठा, पण तो पहिल्या काही आठवड्यांत एकवटलेला. त्यातून रुग्ण तरला की गोष्ट बहुतेक संपते. आतून करावयाच्या दुरुस्तीने हे कथानक बदलले. जांघेतील रोहिणीतून घडी केलेली, धातूच्या जाळीची व कापडाची नळी वर सरकवावयाची, क्ष-किरणांच्या साहाय्याने मूत्रपिंडाच्या रोहिण्यांखाली ती उलगडावयाची आणि तिच्या दोन फांद्या दोन्ही पायांकडे जाणाऱ्या वाहिन्यांत बसवावयाच्या, असा हा विधी आहे. विस्फाराची पिशवी काढली जात नाही. ती नळीच्या बाहेर, शरीराच्या आत तशीच राहते. तिच्यात रक्त शिरू नये, असलेले गोठावे आणि पिशवी हळूहळू आक्रसावी एवढीच अपेक्षा असते. रोग बाहेर न काढता त्याला प्रवाहापासून वगळणे हे या उपचाराचे तत्त्व होय, आणि त्याच्या बहुतेक व्यापदा या ‘वगळण्या’च्या अपुरेपणातून जन्म घेतात.

या तंत्राचे जनकत्व बराच काळ निर्विवादपणे हुआन पारोदी यांना दिले जात असे. त्यांनी ब्वेनोस आयरिस येथे १९९० मध्ये केलेली शस्त्रक्रिया १९९१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. परंतु निकोलाय वोलोदोस यांनी तत्कालीन सोव्हिएत युक्रेनमधील खार्किव्ह येथे १९८७ मध्येच छातीतील महारोहिणीच्या आघातजन्य विस्फारात अशी नळी बसविली होती. त्यांचा वृत्तान्त १९८८ मध्ये रशियन नियतकालिकात आला आणि पाश्चात्त्य वाचकांपर्यंत तो उशिराच पोहोचला. साहित्याच्या ग्रहणाचा अभ्यास करणाऱ्यांना ही घटना परिचित वाटेल.

नळीला इंग्रजीत ‘ग्राफ्ट’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच-लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतील ‘लेखणी’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जातो. टोकदार छाटलेली फांदी लेखणीसारखी दिसते म्हणून. अरबी-फारसीतून आलेल्या ‘कलम’ या शब्दानेही मराठीत लेखणी आणि आंब्याचे कलम हे दोन्ही अर्थ धारण केले आहेत. दोन परंपरांनी एकच रूपक योजावे हा योगायोग सुखद खरा. पण येथे त्याचा मोह आवरलेला बरा. बागेतले कलम जगते, झाडाशी एकजीव होते. ईव्हारमधील नळी महारोहिणीशी एकजीव होत नाही. ती आकड्यांच्या व स्वतःच्या ताणाच्या बळावर भिंतीला टेकून राहते, आणि भिंत मात्र रुग्णाच्या वयाबरोबर बदलत जाते. ‘कलम’ या शब्दातून रुजण्याचे जे आश्वासन मिळते ते या उपकरणाला पाळता येत नाही.

मुख्य प्रश्न असा की या न-रुजण्यातून जे उद्भवते त्याला उपद्रव म्हणावे काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्पाच्या प्रकरणी उपद्रवाची व्याख्या येते. तिचा आशय असा की उपद्रव हा स्वतः रोगच असतो. तो मूळ रोगानंतर, मूळ रोगाच्या आश्रयाने उत्पन्न होतो, आणि प्रधान रोग शमला म्हणजे सामान्यतः तोही शमतो. उपचारातून निर्माण होणाऱ्या आपत्तीसाठी मात्र संहिताकारांनी वेगळी संज्ञा राखून ठेवली आहे : व्यापद्. चरकाच्या सिद्धिस्थानात स्नेहव्यापत्सिद्धी, नेत्रबस्तिव्यापत्सिद्धी, वमनविरेचनव्यापत्सिद्धी आणि बस्तिव्यापत्सिद्धी अशा शीर्षकांचे चार अध्यायच आहेत. या समासांतील ‘सिद्धी’ म्हणजे व्यापद् टाळणे नव्हे, तर ती उद्भवल्यावर तिच्यातून मार्ग काढण्यातील यश. आजच्या ‘कॉम्प्लिकेशन मॅनेजमेंट’ या जोडशब्दाला याहून नेमका पर्याय सापडणे कठीण आहे.

त्यांपैकी नेत्रबस्तीचा अध्याय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक ठरतो. येथे ‘नेत्र’ म्हणजे डोळा नव्हे, तर बस्ती देण्याची नळी. चरकाने तिचे आठ दोष सांगितले आहेत : ती आखूड असणे, लांब असणे, बारीक असणे, जाड असणे, जीर्ण असणे, तिचे बंधन सैल असणे, तिला बाजूस छिद्र असणे आणि ती वाकडी असणे. त्यानंतर बस्तीच्या पिशवीचे दोष येतात आणि मग प्रणेत्याचे, म्हणजे ती देणाऱ्याचे : घाई करणे, नळी तिरपी धरणे, हात कापणे, अतिमंद वा अतिवेगाने देणे इत्यादी. म्हणजे उपकरणाचा दोष आणि हाताचा दोष यांची खाती स्वतंत्र आहेत. यावरून प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. गुदमार्गाने दिलेली औषधी बस्ती आणि महारोहिणीतील नळी यांचा संबंध काहीही नाही. सुश्रुताने वर्णिलेला सिराज ग्रंथी म्हणजे विस्फारच, असे आग्रहाने सांगणाऱ्यांचा उत्साहही आवरता घ्यायला हवा. साम्य आहे ते विचाराच्या पद्धतीत : शरीरात साधन घालणारी कोणतीही वैद्यकपरंपरा लवकरच ‘चूक कोठे झाली’ याची वर्गवारी करू लागते.

आधुनिक वर्गवारी १९९६ ते १९९८ या काळात सिडनी येथील जेफ्री व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली. नळी बसविल्यानंतरही पिशवीत रक्त वाहत राहिल्यास त्यांनी त्याला ‘एंडोलीक’ हे नाव दिले. ग्रीक उपसर्गाला रोजच्या बोलीतील इंग्रजी शब्द जोडून केलेला हा संकर रूढ झाला. मराठीत त्यास ‘अंतर्गळती’ म्हणता येईल. तिचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. अर्थात हे आकडे गांभीर्याचा चढता क्रम दर्शवीत नाहीत, ते गळतीचे उगमस्थान सांगतात. नवख्या वाचकाचा, आणि बहुधा रुग्णाच्या नातेवाइकांचाही, पहिला घोटाळा येथे होतो.

पहिला प्रकार म्हणजे नळीचे वरचे किंवा खालचे टोक भिंतीला घट्ट न बसल्यामुळे होणारी गळती. पिशवीवर महारोहिणीचा जवळजवळ पूर्ण दाब पुन्हा येतो. म्हणून ती दिसताच उपचार करावा लागतो, शक्यतो त्याच बैठकीत. फुगा फुगवून टोक भिंतीला दाबणे, वर किंवा खाली जोडनळी बसविणे, मजबूत धातूची जाळी घालणे, लहान मळसूत्री टाचण्यांनी नळी भिंतीला अडकविणे, मूत्रपिंडाच्या रोहिण्यांसाठी खिडक्या ठेवलेली नळी वापरून पकड आणखी वर नेणे, आणि हे सर्व निष्फळ झाल्यास उदर उघडून नळी काढणे, असे उपाय आहेत. तिसरा प्रकार नळीच्या दोन भागांतील सांधा सुटल्यामुळे किंवा कापड फाटल्यामुळे होतो. चरकाच्या यादीतील ‘शिथिलबंधन’ आणि ‘पार्श्वच्छिद्र’ या दोषांची आठवण येथे अपरिहार्य आहे. त्यातही विलंब चालत नाही; आतून दुसरी नळी घालून सांधा वा छिद्र झाकतात. चौथा प्रकार कापडाच्या सच्छिद्रतेमुळे पहिल्या महिन्याभरात दिसणाऱ्या पाझराचा. तो आपोआप थांबतो आणि आजच्या घट्ट विणीच्या नळ्यांत क्वचितच आढळतो.

खरा वैचारिक पेच दुसऱ्या प्रकाराचा आहे. महारोहिणीतून निघणाऱ्या कंबरेच्या लहान रोहिण्या आणि आतड्याकडे जाणारी एक शाखा यांची मुखे पिशवीत उघडतात. नळी बसल्यावर त्यांना पुढून रक्त मिळत नाही. मग शेजारच्या वाहिन्यांशी असलेल्या संबंधांतून रक्त उलट्या दिशेने पिशवीत येते. येथे नळी निर्दोष असते, चिकित्सकाचा हात निर्दोष असतो. शरीराने आपल्या स्वभावानुसार पर्यायी मार्ग शोधलेला असतो. याला व्यापद् म्हणावे की उपद्रव? उपचार झाला नसता तर ही उलटी वाट निर्माण झाली नसती, म्हणून ती व्यापद्. परंतु ती मूळ रोगाच्या पिशवीच्या आश्रयाने राहते आणि पिशवी आक्रसली की बहुधा मावळते, म्हणून तिच्यात उपद्रवाचेही लक्षण आहे. संहितेतील दोन कोठ्यांपैकी एकीतही ती पूर्ण मावत नाही.

व्यवहारातील धोरणही या द्विधेला अनुरूप आहे. यांतील अनेक गळत्या पहिल्या काही महिन्यांत आपोआप बंद होतात; म्हणून पिशवी वाढत नसेल तर केवळ लक्ष ठेवावयाचे. पिशवी लक्षणीय वाढली (युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी १० मिलिमीटरची मर्यादा सुचविली आहे) तर आतड्याच्या वरच्या रोहिणीतून वळणावळणाने, किंवा पाठीतून सुई थेट पिशवीत घालून, धातूची वेटोळी अथवा चिकट द्रव्य सोडून ते मार्ग बुजवावयाचे. मात्र त्याआधी ही गळती खरोखरच दुसऱ्या प्रकारची आहे, तिच्याआड पहिल्या वा तिसऱ्या प्रकारची लपलेली नाही, याची खात्री करावी लागते. चुकीचा आकडा दिला तर उपचारही चुकतो.

पाचव्या प्रकारात पिशवी वाढत असते, पण गळती कोणत्याही चित्रणात दिसत नाही. त्याला ‘एंडोटेन्शन’ असे नाव मिळाले. ज्याचे कारण दिसत नाही त्याला क्रमांक देऊन यादीत बसविण्याची ही युक्ती वर्गीकरणशास्त्राची मर्यादा दाखविते. चिकित्सक या निदानाकडे सहसा अखेरीस वळतात. आधी इतर चार प्रकार पुन्हा एकदा शोधतात.

इतर व्यापदांचा केवळ निर्देश पुरेसा आहे. नळीची एखादी फांदी दुमडून गुठळीने बंद पडल्यास पाय थंड पडतो. गुठळी काढून आत जाळी घालावी लागते किंवा एका जांघेतून दुसरीकडे बाहेरून मार्ग जोडावा लागतो. नळी खाली सरकू शकते. चित्रणासाठी दिलेल्या द्रव्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. श्रोणीकडे जाणारी रोहिणी बंद करावी लागल्यास चालताना नितंबांत वेदना होतात, क्वचित आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. पहिल्या दिवसांत येणारा ताप पुष्कळदा जंतुसंसर्गाचा नसून शरीराच्या दाहप्रतिक्रियेचा असतो. पण नळीला खरोखर जंतुसंसर्ग झाला तर ती काढून टाकण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते, आणि ती शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेहून कितीतरी भयंकर असते.

व्यापद् घडणे आणि ती नोंदली जाणे यांत अंतर असते. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘अँक्युअर’ या उपकरणाची कथा त्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नळी आत नेणारे साधन कधीकधी शरीरातच अडकत असे. उत्पादक कंपनीने अशा प्रकारच्या १७२ घटना नियामकांना कळविल्या. प्रत्यक्षात २,६२८ घटनांचे अहवाल तिच्याकडे होते. कर्मचाऱ्यांनीच पाठविलेल्या निनावी पत्रामुळे प्रकरण उजेडात आले, आणि गायडंट कंपनीच्या या उपकंपनीने जून २००३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल करून ९ कोटी २४ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. साधन अडकले तर त्याची मूठ तोडून ते बाहेर काढण्याची एक युक्ती दरम्यान प्रचारात आली होती. तिला नियामकांची मान्यता नव्हती. व्यापद् आणि तिची सिद्धी दोन्ही अस्तित्वात होत्या, पण त्या संहितेत नव्हत्या.

नोंदींतील ‘यश’ या शब्दाचीही अशीच छाननी व्हावयास हवी. अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांच्या संस्थेने २००२ मध्ये प्रसृत केलेल्या अहवाल-निकषांत तांत्रिक यश आणि वैद्यकीय यश यांत भेद केला आहे. तांत्रिक यशाचेही प्राथमिक, साहाय्यित प्राथमिक आणि दुय्यम असे पोटभेद आहेत. पहिल्या वा तिसऱ्या प्रकारची गळती असेल तर यश नाही. दुसऱ्या प्रकारची असेल तर यशाला तेवढ्याने बाध येत नाही. रुग्णाच्या कानी मात्र एकच शब्द पडतो : यशस्वी.

ब्रिटनमधील ‘ईव्हार-१’ या चाचणीत १९९९ ते २००४ या काळात १,२५२ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण आतून केलेल्या दुरुस्तीत १.७ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के आढळले. २००४ मध्ये या आकड्यांनी नव्या पद्धतीचा पक्ष बळकट केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत चित्र उलटले : आठ वर्षांनंतर विस्फाराशी संबंधित मृत्यू आतून दुरुस्ती केलेल्यांतच अधिक होते, आणि त्याचे मुख्य कारण होते उरलेली पिशवी नंतर फुटणे. अर्थात त्या चाचणीतील नळ्या जुन्या पिढीतील होत्या, हा आक्षेप निराधार नाही. या वादाचे पडसाद ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेत उमटले. २०१८ च्या मसुद्याने न फुटलेल्या विस्फारासाठी ही पद्धत जवळजवळ बाद केली होती. मार्च २०२० मधील अंतिम पाठात उघड्या शस्त्रक्रियेसाठी ‘द्यावी’ आणि काही विशिष्ट रुग्णांतील ईव्हारसाठी ‘विचार करावा’ अशी क्रियापदे आली. युरोपीय संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिका मात्र अनुकूल शरीररचनेच्या बहुतेक रुग्णांत ईव्हारलाच प्राधान्य देण्याचा विचार करावा असे म्हणते. या पाठांत क्रियापदांना श्रेणी ठरवून दिलेल्या असतात. ‘करावे’ आणि ‘विचार करावा’ यांतील अंतर म्हणजे पुराव्याच्या बळातील अंतर असते.

तेव्हा या उपचाराची सिद्धी शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही. पहिल्या महिन्यात, मग वर्षाच्या शेवटी आणि त्यानंतर ठरावीक अंतराने सी.टी. किंवा सोनोग्राफी करीत राहावे लागते, बहुधा जन्मभर. भारतातील रुग्णाला हे सांगताना भाषेची अडचण प्रत्यक्ष समोर उभी राहते. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘यशस्वी’ लिहिलेले असते आणि खाली पुढील तारखेसह ‘पुन्हा दाखवा’. ज्याचे पोट उघडले गेले नाही, जो काही दिवसांत चालत घरी गेला, त्याला या दोन वाक्यांतील संबंध उमगत नाही; गावाहून शहरात येण्याचा खर्च मात्र नेमका समजतो. ‘लीक आहे, पण तूर्त काही करायचे नाही’ हे दुसऱ्या प्रकाराविषयीचे योग्य विधान त्याला एक तर भयावह वाटते किंवा निष्काळजीपणाचे. संमतिपत्राच्या मराठी अनुवादात ‘गुंतागुंत’ या एका शब्दाखाली सर्व काही न कोंबता रोगामुळे होणारे, उपचारामुळे होणारे आणि नळीमुळे होणारे असे तीन रकाने स्वतंत्र ठेवले, तर दुसऱ्या प्रकारची गळती कोणत्या रकान्यात लिहावी हा प्रश्न अनुवादकाला डॉक्टरांनाच विचारावा लागेल, आणि रुग्णाच्या देखत.